निर्मलचं न झालेलं उष्टावण

एका जंगलात, जिथे आंघोळ म्हटली की ती चिखलाचीच असा रिवाज होता, तिथे सुनेत्रा नावाची एक हत्तीण राहायची. डोळे तिचे इतर हत्तिणींएवढेच बारीक होते. पण नाव ठेवणाऱ्याचा हात कोण धरणार?

तर मुलांनो, त्या कळपात पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याचं उष्टावण करत. सागाच्या पानावर थोरल्या हत्तिणीची ताजी लीद वाढायची आणि पिल्लाला पहिला घास तिचा भरवायचा. तोंडं वाकडी करू नका. थोरलीच्या पोटातले बारीक बारीक जीव त्या घासाबरोबर पिल्लाच्या पोटात मुक्कामाला जातात, असं जुनी मंडळी सांगत. तिथे जाऊन ते करतात काय, हे कोणी विचारत नसे. पिल्लं धडधाकट निघत, म्हणजे काहीतरी करत असणार.

सुनेत्राला निर्मल झाला, त्याच सुमारास डबक्यावर बगळेमास्तर राहायला आले. पांढरेशुभ्र. एका पायावर उभे राहायचे, म्हणजे जमिनीचा स्पर्श निम्म्यावर. रोज सकाळी ते व्याख्यान देत.

"चिखलात जंतू असतात," मास्तर सांगत. "ते दिसत नाहीत, म्हणूनच ते भयंकर. सुशिक्षित हत्तीने डबक्यात उतरू नये."

इतर हत्तिणी कान हलवून निघून जात. सुनेत्राने मात्र एकही व्याख्यान चुकवलं नाही.

उष्टावणाच्या दिवशी काशीअक्का, म्हणजे सुनेत्राची थोरली बहीण आणि कळपाची कारभारीण, हाक मारत आली. "सुनेत्रे, पान मांडलंय. आण पोराला."

"आमच्याकडे नाही करायचं ते, अक्का. जंतू असतात त्यात."

"माझ्या दगड्याचं केलं. तुझंसुद्धा केलं होतं."

"म्हणूनच म्हणते," सुनेत्रा म्हणाली. ह्याचा अर्थ काय, ह्यावर कळपात दोन दिवस चर्चा झाली.

निर्मल उंच खडकावर वाढला. त्याचा पाला तीनदा धुतलेला असे. त्याची सोंड दर घासाला पुसली जाई. रानडुकरांची पोरं खेळायला आली की सुनेत्रा त्यांना लांबूनच हुसकावून लावी. खाली दगड्या डबक्यात लोळायचा, माती चाटायचा. त्याची सोंड कायम वाहायची आणि पावसाळ्यात कानामागे फोड यायचे.

"आमचा निर्मल अजून एकदाही शिंकला नाही," सुनेत्रा येता-जाता ऐकवायची. बाकीच्या सोंडेने कांदे सोलत नव्हत्या, त्या आपल्या चरत राहायच्या.

अशी दोन वर्षं गेली. मग गवत फुलोऱ्यावर आलं आणि निर्मल शिंकला. एकदा नव्हे, दिवसभर. सोंड सुजली, डोळ्यांना धारा लागल्या, छातीतून शीळ वाजायला लागली. गवतात पाऊल टाकलं की अंगावर गांधी उठत. हत्तीच्या पोराला गवत सोसेना. ह्यात हसण्यासारखं काही नाही, कारण पाणी आटत चाललं होतं. आठ दिवसांत कळप नदीकडे निघणार होता, आणि वाट होती पुरुषभर गवतातून.

सुनेत्रा धावत मास्तरांकडे गेली. मास्तर गुडघाभर चिखलात उभे होते. चोचीत बेडूक होता. तो त्यांनी आधी गिळला.

"स्वच्छता कमी पडते आहे," ते म्हणाले. "पाला पाच वेळा धुवा."

"मास्तर, तुम्ही चिखलात?"

"मी अभ्यासासाठी उतरलो आहे. तुम्ही सगळे उतरलात की बेडूक पळतात. म्हणजे, अभ्यासात व्यत्यय येतो."

"आणि तुमची पोरं कुठे वाढली?"

"इथेच की," मास्तर म्हणाले. "त्यांना सवय आहे."

सुनेत्रा परत आली ती थेट अक्कासमोर जाऊन उभी राहिली. तिला रडू आवरेना.

अक्काने तिला मनसोक्त रडू दिलं. मग म्हणाली, "हे बघ, मेलेलं जनावर पडलेलं पाणी आम्हीपण नाही पीत. घाण कुठली आणि माती कुठली, एवढं कळतं आम्हाला. पोराच्या अंगात पहारेकरी असतो, बाई. चोर कसा दिसतो आणि पाहुणा कसा दिसतो, ते त्याला लहानपणीच दाखवावं लागतं. तू त्याला कोणी दाखवलंच नाहीस. आता तो पाहुण्यालाच बडवतोय."

"मग आता भरव ना त्याला, अक्का. मी पान मांडते."

"भरवते. पण दोन वर्षं उशीर झालाय. गुण येईल असं मी खोटं नाही सांगणार."

निर्मलने आईकडे बघत घास गिळला. पुढचे सहा दिवस तो तसाच शिंकत राहिला. शेवटी अक्काने ठरवलं. कळप गवतातून जाईल. सुनेत्राने पोराला घेऊन कड्यावरच्या उघड्या खडकावरून जायचं. वाट तिप्पट लांब, चारा नाही, सोबत नाही. दोघं पोचतील की नाही, हे अक्काने सांगितलं नाही आणि सुनेत्राने विचारलं नाही.

निघायच्या सकाळी मालन जवळ आली. वयाने कोवळी हत्तीण, पायाशी तीन महिन्यांचं पहिलंच पिल्लू.

"सुनेत्राताई, मी तुमच्याकडे बघूनच सगळं शिकले. एवढं जपून निर्मलला असं कशाने झालं हो? आज अक्का आमच्या बाळाचं उष्टावण करायचं म्हणतायत. करू का?"

सुनेत्राने खडकाकडे पाहिलं. खरं काय ते तिच्या जिभेवर आलं होतं. पण अख्खा कळप कान देऊन ऐकत होता, आणि दोन वर्षं ती ह्याच कळपाला पाला धुवायला शिकवत आली होती.

"नको," ती म्हणाली. "कुठेतरी घाण राहिली असणार. मीच कमी पडले. तू पाच वेळा धू."

मालनने मान हलवली आणि बाळाची सोंड पुसायला घेतली.

तात्पर्य: पोरांना मातीपासून जपावं. पुढे बाकी सगळ्या जगापासून जपायची वेळ आली, तर माती नीट पुसली गेली नव्हती असं सांगावं. चूक कबूल करणाऱ्या आईला नावं ठेवतात. आणखी पुसणाऱ्या आईचा आदर्श घेतात.