मंजूर मसुदा आणि चारुताचा मासा

चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत मसुदे लिहिले आणि साहेबानं त्यातला एकही परत पाठवला नाही. तेव्हा सहा वर्षांच्या नातीशी इंग्रजीत दहा मिनिटं बोलणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

नात चारुता कॅनडात असते. तिला मराठी येत नाही. दर रविवारी सकाळी हिमांशूचा, म्हणजे आमच्या चिरंजीवांचा, व्हिडिओ कॉल येतो. चारुता "हाय आजोबा" म्हणते आणि पळून जाते. मग मी उरलेला आठवडा त्या दोन शब्दांवर काढतो. खोटं कशाला सांगू, पोरीसाठी जीव तुटतो.

मी मसुदा घेतला करायला. डावीकडे माझे प्रश्न, उजवीकडे तिची उत्तरं, खाली माझा शेरा. तिची उत्तरंही मीच लिहिली. कचेरीत अशीच पद्धत होती, समोरचा काय म्हणेल तेही आपणच लिहून न्यायचं.

कागद शेजारच्या प्रेरणाकडे मान्यतेला गेला. ती इंग्रजीचे क्लास घेते.

"काका, 'युअर फादर पास्ड आउट इन संभाजीनगर' हे काढा. तिकडं त्याचा अर्थ बेशुद्ध पडला असा होतो."

"निकालाच्या दिवशी पडलाच होता तो."

"आणि 'आय ॲम लव्हिंग यू' नको. नुसतं 'आय लव्ह यू'. हे काय आज चालू आणि उद्या बंद असं आहे का?"

नाही, तसं नव्हतं. मी निमूटपणे खोडलं.

रविवारी कॉल आला. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. पहिला प्रश्न शाळेचा, दुसरा थंडीचा. उत्तरं जवळपास मसुद्याप्रमाणे आली. पोरगी चक्क थांबली होती. माझी छाती फुगली.

तिसरा प्रश्न तिनं पाळलेल्या माशाचा. उजवीकडे उत्तर होतं, मासा मजेत आहे. चारुता इंग्रजीत भराभरा बरंच काही बोलली. त्यातला 'फिश' तेवढा माझ्या हाती लागला. मी खालचा शेरा खणखणीत वाचला, "व्हेरी गुड. कीप इट अप."

तिनं माझ्याकडे पाहिलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

मागून हिमांशू म्हणाला, "बाबा, मासा मेला तिचा. आज सकाळीच."

मी घाईनं कागद चाळला. मासा मेल्यास काय म्हणावं, याची तरतूदच नव्हती.

तेवढ्यात यमुनाबाई, म्हणजे आमच्या सौ., स्वयंपाकघरातून आल्या. हात थालीपिठाच्या पिठानं भरलेले. "अहो, सरका तिकडं. काय झालं गं माझ्या सोनीला? मासा गेला? लई वाईट झालं बघ. कुठं पुरलंस त्याला? सकाळपासून काही खाल्लंस का नाय?"

ही मराठीत बोलत होती, ती इंग्रजीत हुंदके देत सांगत होती. एकमेकींचा शब्द कळत नव्हता, तरी वीस मिनिटं दोघी बोलल्या. माझे चौथ्यापासून बाराव्यापर्यंतचे प्रश्न मांडीवर पडून राहिले.

आठवडाभर मी नवा मसुदा केला, शोकसंदेशाचा. प्रेरणानं एकही चूक काढली नाही.

रविवारी फोन खुद्द चारुतानं लावला. कॅमेऱ्याजवळ तोंड आणून ती म्हणाली, "आजोबा." मी कागद सरसावला. ती थांबली, काहीतरी आठवलं आणि चक्क मराठीत म्हणाली,

"फोन आजीला द्या."

आठवडाभर बापाकडून घोकून घेतलेलं, माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं मराठी वाक्य. काढू म्हटलं तरी चूक निघाली नसती.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. यमुनाबाईंचे दोन्ही हात पिठात होते, तेव्हा फोन धरायला कुणीतरी हवंच होतं. मी धरला. चाळीस मिनिटांत हात अवघडून गेला, पण बदलला नाही. मधेच फोन हलला असता आणि चारुता म्हणाली असती, ठेवते, तर?