कळशीवरची सातवी ओळ

"आई, कळशी कुठंय?"

नवसाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही आणि समाधानला तिथंच शंका आली. एरवी शेजारणीची वाटी कुठं आहे हेसुद्धा त्या झोपेत सांगायच्या.

"कोणती कळशी?"

"माळ्यावरची. बक्षिसाची. रविवारी मॅच आहे, अण्णांना परत द्यायचीय."

"असंल कुठं तरी."

"कुठं तरी म्हणजे कुठं?"

"लासलगावला," नवसाबाई मेथीला म्हणाल्या.

ही कळशी साधी नव्हती. ओझरच्या पुढं भिमाजीअण्णांचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज होतं आणि समाधान तिथली मशीन सांभाळायचा. १९९६ च्या मे महिन्यात द्राक्षं संपली, रिकामी खोली धुतली आणि समाधान मशीन बंद करायला विसरला. सकाळी दार उघडलं तर फरशीभर आरशासारखा बर्फ! त्याचा मित्र आल्हाद नुकताच कॅनडात दोन वर्षं काढून आला होता. बर्फ बघून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अरे समाधान, ही तर आइस हॉकीची रिंक!"

तेव्हापासून दर मे महिन्यात बाहेर बेचाळीस डिग्रीत कुत्री गटारात बसायची आणि आत दहा माणसं घोंगड्या पांघरून हॉकी खेळायची. स्केटची जोडी एकच, ती रेफ्रीला. बाकीच्यांनी बुटांवरून मोजे चढवायचे. चेंडूच्या जागी ट्रॅक्टरच्या टायरची चकती. खोली एवढीशी आणि माणसं एवढी की सहा वर्षांत एकच गोल झाला, तोही भिकनने स्वतःच्याच संघावर केलेला. गोल करणाऱ्याला बक्षीस ठेवलं असतं तर ते तसंच पडून राहिलं असतं. हे पहिल्याच मॅचला कळलं, म्हणून ठरलं, बक्षीस गोल अडवणाऱ्याला. अण्णांनी आपल्या आईची तांब्याची कळशी काढून दिली. जिंकणाऱ्यानं वर्षभर ठेवायची, भद्रकालीतल्या भांड्यांच्या दुकानात स्वतःचं नाव कोरून घ्यायचं आणि पुढच्या मॅचला परत आणायची.

पहिलं नाव आल्हादचं. दुसऱ्या वर्षी ट्रक ड्रायव्हर काळूचा मोजा बर्फाला चिकटला, तो गोलसमोर दीड तास हलला नाही. मॅच संपल्यावर गरम पाणी ओतून त्याला सोडवला आणि कळशी दिली. मग भिकन. तो पडला तो आडवाच राहिला, चकती त्याच्या पोटावर आपटून परत जायची. १९९९ ला लाईट गेली, रिंकचं तळं झालं. पण अण्णा हट्टी. "साल रिकामं सोडायचं नाय!" म्हणून कळशीवर कोरलं, 'लाईट गेली, १९९९'. २००० ला पुन्हा काळू. आणि २००१ ला समाधान.

"लासलगावला गेलीच कशी?" समाधान ओरडला.

"तुझ्या बहिणीच्या लग्नात रुखवतात तांब्याचं काहीच नव्हतं. चिंच लावून घासली, लाडू भरले, वर नारळ ठेवला. नावं भिंतीकडं केली होती मी! दोन तासांसाठी मांडली होती रे. तिच्या सासरच्यांनी अख्खं रुखवत टेम्पोत भरलं. आता वरातीच्या टेम्पोमागं पळू का मी, 'ती कळशी तेवढी द्या' म्हणत?"

रुखवतातली वस्तू परत मागायची म्हणजे बहिणीला, शुभांगीला, सासरी जन्मभर टोमणे. न मागावी तर अण्णांच्या आईची कळशी गेली, आणि कळशीबरोबर समाधानची नोकरीही. अण्णा देवाला एकदा नमस्कार करायचे आणि आईच्या फोटोला दोनदा.

शुक्रवारी समाधान आणि आल्हादने हुबेहूब तशीच नवी कळशी घेतली, गोणपाटात गुंडाळली आणि मोटरसायकलवरून लासलगाव गाठलं. बेत सोपा होता. गप्पा मारायच्या, आत जायचं, कळशी बदलायची.

दारातच शुभांगीच्या सासूबाई, लताबाई, खाटेवर बसल्या होत्या. खाट उंबऱ्याला आडवी. खाटेच्या एका बाजूला कांद्याचा ढीग, दुसऱ्या बाजूला लताबाईंचे पाय.

"या पाव्हणं. बसा."

"बसत नाही मावशी, पाणी पिऊन येतो आतून."

"आतून कशाला? शुभांगे, पानी आन गं!"

पाणी बाहेर आलं. मग आल्हादने डोकं चालवलं. "मावशी, मार्केटमध्ये तुमचा ट्रॅक्टर कलंडलाय म्हणे! बघून या पटकन."

"आज आवस हाय. लिलाव बंद. ट्रॅक्टर मागं गोठ्यात हाय."

समाधान 'जरा जाऊन येतो' म्हणून उठला आणि घराला वळसा घालून मागच्या दाराला पोचला. तिथं लताबाई उभ्या, हातात उलथणं.

"संडास तिकडं हाय, पाव्हणं."

दुपार उलटली. दोन चहा झाले, पोहे झाले. उंबऱ्याच्या आत दोघांपैकी एकाचं बोटही गेलं नव्हतं. शेवटी लताबाईंनीच खाटेवर थाप मारली.

"आता सरळ बोला. कळशीसाठी आला ना?"

समाधानने हातातली बशी खाली ठेवली.

"मला वाटलंच एक दिवस कोणी तरी येनार. दोन महिने झोप नाय मला! लाडू संपले, कळशी फिरवली, तर ही नावं! आता भांड्यावर नाव म्हंजी आहेर करनाराचं. एवढ्या मानसांनी वर्गणी काढून कळशी दिली आन आमी एकाचाबी मान केला नाय. लोक काय म्हनतील? टोप्या-उपरणी आनून ठेवली पेटीत. आल्हादराव कोन?"

"मी," आल्हाद बारीक आवाजात म्हणाला.

"बसा सरळ." त्याच्या डोक्यावर टोपी आली. "काळूभाऊ लय मोठ्या मनाचे, दोनदा नाव हाय. भिकनराव सापडत्याल. पन हे 'लाईट गेली' कोनाकडचे? सगळ्या भावकीत इचारलं. कोनी ओळखीना!"

समाधानला हसू आवरेना आणि रडूही. त्यानं सगळं सांगितलं. बर्फ, मोजे, चकती, अण्णांची आई, सगळं. लताबाई तोंडाला पदर लावून ऐकत राहिल्या आणि मग मोठ्ठा श्वास सोडला.

"म्हंजी मान करायचा नाय कोनाचा?"

"नाही मावशी."

"मंग आधी नाय का सांगायचं! शुभांगे, आन ती कळशी. आन ही नवी ठिव तिच्या जागी. आन पाव्हणं, तुमच्या आईला म्हनाव, चांगली घासली व्हती."

समाधान परत निघाला तेव्हा मोटरसायकल तरंगत असल्यासारखी वाटत होती.

रविवारी स्टोरेजच्या दारात सगळे घोंगड्या घेऊन जमले. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे अण्णांनी चष्मा लावला आणि कळशी फिरवत नावं मोठ्यानं वाचायला घेतली. आल्हाद. काळू. भिकन. लाईट गेली. काळू. समाधान. कळशी आणखी थोडी फिरली आणि थांबली.

"सातवं कोनाचं?"

"सहाच आहेत अण्णा."

"लताबाई, २००२."

समाधानच्या कपाळाला मे महिन्याच्या वरचा घाम आला. लताबाईंच्या घरात शिरलेल्या प्रत्येक भांड्यावर लताबाईंचं नाव पडतं, हे शुभांगी दोनदा म्हणाली होती. त्यानं हसून सोडून दिलं होतं.

"मॅच आज हाय आन नाव आधीच? कोन ही लताबाई?"

 समाधानने डोळे मिटून खरं तेवढंच सांगितलं.

"डिफेन्सला असते अण्णा. परवा मी आणि आल्हादने चार तास जोर लावला. पुढून, मागून. एकदाही आत जाऊ दिलं नाही."

"दोघांना? एकटीनं?"

"बसल्या जागेवरून," टोपी सावरत आल्हाद म्हणाला.

अण्णांनी चष्मा काढला. दाराकडं पाहिलं, घोंगड्यांकडं पाहिलं आणि एकदम त्यांचा चेहरा सैल झाला.

"लय बरं झालं रे बाबांनो! सकाळधरनं घशात अडकलं व्हतं माझ्या. काल रातच्याला आत बेदाणा भरून घेतला, समाधानलाबी कळू दिलं नाय. खोली चार दिवसांपूर्वीच एका व्यापाऱ्याला देऊन बसलो. तुमाला कोनत्या तोंडानं सांगू, कळंना. आता निकालच लागलाय म्हनल्यावर मॅचचं काय काम!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काळूने सर्वात जोरात, कारण त्याचे मोजे फाटले होते.

"अन् समाधान," अण्णांनी कळशी त्याच्याच हातात ठेवली, "कळशी जिंकनाऱ्याच्या घरी वर्षभर ऱ्हाते. आजच पोचवून ये. त्या बाईला म्हनाव, पुढच्या साली मोजे घेऊन ये."

संध्याकाळी समाधान लासलगावच्या दारात उभा होता. खाट तशीच आडवी होती. लताबाईंनी त्याच्या हातातली कळशी बघितली आणि आयुष्यात पहिल्यांदा पाय बाजूला घेतले.

"या पाव्हणं," त्या म्हणाल्या. "आत या."