हॅरिसनबाईंचा पळपुटा पणजोबा

"इंग्लंडात माझ्या तोडीचा एक तरी डिटेक्टिव्ह असता, तर ही बाई कोल्हापुरात कशाला आली असती?" अण्णासो मिशीला पीळ देत म्हणाले. अण्णासो स्वतःला दक्षिण महाराष्ट्रातले एकमेव शास्त्रीय गुप्तहेर म्हणवतात. मी कृष्णात, त्यांचा मदतनीस. डोकं त्यांचं, पायपीट माझी. चपला झिजल्या, डोकं अजून कोरं करकरीत आहे.

साल १९९८. इंग्लंडहून पणजोबांचा माग काढायला आमच्याकडं आलेल्या हॅरिसनबाईंच्या खेड्यातल्या चर्चमागं त्यांच्या घराण्यातल्या सगळ्यांच्या कबरी होत्या. पणजोबांची तेवढी नव्हती. बायकोपोराला टाकून ते नोकरीसाठी कोल्हापूरला आले, ते पुन्हा उगवलेच नाहीत. बाईंचे आजोबा जन्मभर बापाची वाट बघून गेले. आता अंथरुणाला खिळलेल्या वडिलांनी लेकीला सांगितलं होतं, त्या माणसाच्या कबरीतली मूठभर माती तरी आण, आजोबांच्या शेजारी टाकू.

अण्णासोंचा पहिला तर्क: साहेब पैलवान झाला. तालमीतल्या वस्तादांनी आम्हाला उचलून रस्त्यावर ठेवलं. दुसरा तर्क: साहेबानं इथंच दुसरं लग्न केलं, तेव्हा घारे डोळे शोधा! जयसिंगपुरात एका घाऱ्या व्यापाऱ्याला अण्णासोंनी विचारलं, "पावणं, तुमची पणजी कुठल्या सायबासंगं..." पुढचं वाक्य आम्ही पळत पळत पूर्ण केलं.

परतलो तर बाई लॉजवर नव्हत्या. त्यांनी रिक्षावाल्या सिकंदरला सरळ विचारलं होतं, "इथं जुन्या इंग्रजाची कबर कुठं आहे?" तो त्यांना अण्णासोंच्या घरामागच्या, नवसाला पावणाऱ्या गोऱ्यासाहेबाच्या ठाण्यावर घेऊन गेला होता. आम्ही धावलो. हिरवी चादर, उदबत्त्या, सिगारेटी, उकडलेली अंडी. दगडावर पणजोबांचं नाव ठळक कोरलेलं.

"अण्णासो, हे रोज दिसत नव्हतं व्हय?"

"आरं, त्यो देव हाय! आपण मेलेला माणूस शोधत हुतो की! काल सांजच्याला मीच सिगारेटचं पाकीट वाहिलंय, केस सुटू दे म्हणून."

नाव वाचलं नाही, कारण तिथं गेल्यावर अण्णासो डोळे मिटतात. इतरत्र उघडे ठेवून काय दिवे लावले, ते सांगितलंच.

तिथं अंडी वाहायला आलेल्या बायडाबाई पाहुणीला कौतुकानं म्हणाल्या, "लई जागृत हाय बघा. पोरं देतोय. माझ्या सुनंला दोन दिली."

सिकंदरनं इंग्रजीत सांगितलं. हॅरिसनबाई लालबुंद झाल्या.

"स्वतःचं पोर वाऱ्यावर सोडून इथं परक्यांना पोरं वाटतोय?"

हे मात्र सिकंदरनं बायडाबाईंना सांगितलं नाही. बाईंनी खाली बसून रुमालात माती घेतली, गाठ करकचून आवळली आणि दगडाकडं बघत काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या, ते सिकंदरनं मला नंतर हळूच सांगितलं.

"चल घरी. तुझं पोरगं वाट बघतंय."