कोण किती पाण्यात

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ राज्य करत होता. पूर्वी तो शिकार करायचा. आता तो सभा घ्यायचा. सभेत डरकाळी फोडावी लागत नाही, नुसतं खाकरलं तरी भागतं.

त्याच जंगलात गोजराबाई नावाची शेकरू राहायची. शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची मोठी खार. ती दरवर्षी भरपूर बिया पुरून ठेवायची आणि कुठे पुरल्या ते साफ विसरायची. अशाच विसरलेल्या बियांतून एकदा दोन रोपं वर आली. एक जांभळाचं, एक खैराचं. गोजराबाईने त्यांची नावं ठेवली जांभळी आणि खैरू. लेकरांसारखी ती त्यांना जपायची.

जंगलाच्या कडेला एक बोडका माळ होता. एका सभेत वाघमहाराज खाकरले.

"त्या माळावर झाड लावायचं. गोजराबाईकडे दोन रोपं आहेत म्हणे. आधी कोण किती पाण्यात आहे ते बघून घ्या. जे पास होईल ते लावा, नापास होईल ते भेकराला चारा."

आता, कोण किती पाण्यात आहे म्हणजे कुणाची किती योग्यता आहे, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. पण महाराजांचा प्रधान होता रानरेडा. तो शाळेत गेलाच नव्हता. तो एकदम प्रधान झाला होता.

रेड्याने शिंगांनी पाट काढला आणि ओढ्याचं पाणी रोपांच्या वाफ्यात सोडलं. रोपं गुडघाभर पाण्यात उभी राहिली. रोपांना गुडघे नसतात, पण गोजराबाईला तसं वाटलं.

"अहो प्रधानजी, हे काय चालवलंय?"

"पाण्यात बघतोय."

"अहो, ती बोलायची पद्धत आहे!"

"महाराज बोलले ना? मग झालं तर," रेडा म्हणाला. "आणि पाण्यात बसून कुणाचं वाईट झालंय? माझ्याकडे बघा."

गोजराबाईने बघितलं.

पाणी हटेना. मातीत हवा म्हणून उरली नाही. जांभळी जरा गांगरली, मग तिने वाढायचं थांबवलं, दम खाल्ला आणि पाण्याच्या काठाशी खोडातून नवी पांढरी मुळं काढली. सालीवर बारीक पुटकुळ्या आल्या. त्यांतून ती श्वास घेऊ लागली. तिची आजी ओढ्याकाठची होती, हे रक्तातच होतं.

खैरूचं सगळं गणगोत माळावरचं. त्याची मुळं गुदमरली. गुदमरलेल्या मुळांना पाणी ओढता येईना.

"आई, तहान लागलीय," तो म्हणाला.

"अरे बाळा, पाण्यातच तर उभा आहेस!"

"म्हणून तर," खैरू म्हणाला आणि त्याने पिवळी पानं गाळली.

रेड्याने निकाल सांगितला. जांभळी पास, खैरू नापास. जांभळीला हार घालून वाजतगाजत माळावर नेलं. शेजारी पाटी ठोकली : 'आदर्श जांभूळ'. खैरूला मातीच्या गोळ्यासकट उपटून भेकरापुढे ठेवलं. गोजराबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

भेकर, म्हणजे लहानखुरं हरीण, होती तिची मैत्रीण. पण आज्ञा म्हणजे आज्ञा. तिने डोळे मिटून तोंड लावलं आणि "आई गं!" करून मागे सरली.

"काटे आहेत गं मेल्याला! जीभ सोलली माझी. मी खाल्लं म्हणून सांगते, तू टाक जा हे कुठेतरी."

"कुठे टाकू?"

"त्या माळावर टाक. तसंही तिथे काही उगवत नाही."

गोजराबाईने खैरूला माळावर नेलं, पण टाकलं नाही. जांभळीपासून हातभर अंतरावर खळगा करून लावलं.

मग पाऊस गेला आणि ऊन तापायला लागलं. खैरूने उरलेली पानंही टाकून दिली. वर नुसती काडी. पण आत त्याचं मूळ खाली खाली निघालं होतं, थेट ओलाव्याच्या शोधात.

जांभळीला पानं टाकायची सोय नव्हती. रेडा रोज येऊन दम द्यायचा, "आदर्श आहेस! हिरवीगार दिसली पाहिजेस!" बिचारी करपत चालली. भर दुपारी तिने मान टाकली.

"आई, मला नापास कर ना," ती म्हणाली.

गोजराबाईने आधी रेडा कुठे आहे ते पाहिलं. दुपारी रेडा डबक्यात घोरत पडला होता. तिने भेकराला हाक मारली. दोघींनी मिळून जांभळीला मुळांसकट अलगद काढलं आणि ओढ्याकाठच्या दलदलीत लावलं. तिथे कुणी फिरकत नसे. काही दिवसांतच जांभळीने मान वर केली.

माळावर राहिली पाटी, आणि शेजारी काडी. रेड्याला वाटलं, जांभळीचीच काडी झाली.

पुढचा पावसाळा तोंडावर आला, तशी काडीला पालवी फुटली. नेमके तेव्हाच वाघमहाराज पाहणीला आले. सगळं जंगल मागे. गोजराबाईचा जीव खालीवर होत होता. खैरू ओळखला गेला तर आज नक्की उपटला जाणार.

महाराजांनी पाटी वाचली. झाड पाहिलं.

"वा! जांभूळ जोमात आहे. पण याची पानं बारीक कशी?"

"काटकसरी आहे, महाराज," रेडा म्हणाला. त्यालाही काही कळत नव्हतं, पण पाटी त्यानेच ठोकली होती.

"आणि हे काटे?"

"आदर्श झाड म्हटलं की संरक्षण लागतंच, महाराज."

"अय्या!" भेकर पुढे होऊन म्हणाली, "हा तर तोच मेला खै—"

गोजराबाईने तिच्या तोंडात करवंद कोंबलं.

"काय म्हणाली ती?"

"खैर नाही म्हणाली, महाराज," गोजराबाईने सांगितलं. " जो कुणी या झाडाला हात लावील, त्याची खैर नाही."

"बरोबर आहे!" महाराज खाकरले. "तशीच आज्ञा आहे."

त्या दिवसापासून खैरूला कुणी हात लावला नाही. आता तो चांगला उंच झाला आहे. दर उन्हाळ्याच्या शेवटी त्याच्याखाली जांभूळ महोत्सव भरतो. प्राणी टोपल्या घेऊन येतात, भाषणं ऐकतात आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परततात. "यंदा फळ जरा कमी धरलं," असं एकमेकांना सांगतात.

गोजराबाई आणि भेकर मात्र महोत्सवाला थांबत नाहीत. त्या हळूच ओढ्याकडे जातात. परत येतात तेव्हा दोघींच्या जिभा जांभळ्या झालेल्या असतात.

तात्पर्य : झाड ओळखायचं असेल तर पाटी वाचावी. जांभळं खायची असतील, तर पाटी नसलेलं झाड शोधावं.