पोट मधी येतंय

आमच्या गल्लीत सुभेदारांना तब्येत विचारायची नाही, असा नियम आहे. नव्या भाडेकरूला नळाला पाणी कधी येतं हे सांगतात, त्याच दमात हेही सांगतात. तरी कुणीतरी चुकतंच. सकाळी सुभेदार दुधाची किटली घेऊन येत असतात आणि समोरचा सहज म्हणून जातो, "काय सुभेदार, तब्येत कशी हाय?"

सुभेदार थांबतात. मागं वळून बघतात, दुसरं कुणी उभं आहे का. मग विचारतात, "कुणाची?"

"तुमचीच की."

"माझी माझ्याकडं हाय. तू तुझी संभाळ."

आणि किटली न हिंदकळवता निघून जातात.

मलकापुरात माझं घर त्यांच्या घराला लागून आहे. मी कराडच्या शाळेत शिकवते, म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणतात. गावाकडचा ऊस भावाच्या हवाली करून, फौजेतून निवृत्त झाल्यावर ते इथं राहायला आले. उंच, ताठ, मिशा राखलेल्या. पोट सोडलं तर सगळा माणूस अजून पलटणीतच आहे असं वाटावं. पोटानं मात्र केव्हाच निवृत्ती घेतली होती.

आजारी पडणं म्हणजे सुभेदारांच्या लेखी बेशिस्त. एप्रिलच्या उन्हात एकदा ते स्वेटर घालून अंगणात कुडकुडत बसले होते. "ताप आहे का?" म्हटलं, तर म्हणाले, "हिवाळ्याची प्रॅक्टिस." गोळ्या ते बूटपॉलिशच्या रिकाम्या डबीत ठेवतात. पोटावर वितीएवढा व्रण आहे, तो कुंपणाची तार लागल्याचा. खरं म्हणजे तिथून त्यांचं पित्ताशय काढलंय. गल्लीला ठाऊक आहे, डॉक्टरला ठाऊक आहे, पण सुभेदारांच्या मते तार होती ती तारच.

मागच्या वर्षी मोटारसायकल पुसता पुसता ते दारातच कोसळले. मीच त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. हृदयाचे ठोके फार मंद पडत होते. डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवला. शुद्धीवर आल्यावर सुभेदारांचं पहिलं वाक्य होतं, "मास्तरीणबाई, कारभारणीला सांगायचं न्हाई."

त्यांची कारभारीण म्हणजे आमच्या इंदूकाकी. पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून त्या अंथरुणाला आहेत. बोलणं जरा जड, पण डोकं लख्ख. त्यांचं सगळं सुभेदार स्वतः करतात. पोरं पुण्याहून पैसे पाठवतात, बाई ठेवा म्हणतात, तर हे म्हणतात, "माझी ड्युटी मी दुसऱ्याला देत नसतोय." तर काकींना काय सांगायचं? पलटणीचं संमेलन आहे, असं सांगितलं. परत आल्यावर डावा हात वर होईना, त्यावर "रस्सीखेचीत खांदा लचकला." तो बरा होईपर्यंत मी आणि माझ्या आईनं काकींचं पाहिलं. नंतर लगेच सुभेदारांनी ड्युटी परत ताब्यात घेतली.

हे सगळं सांगायचं कारण, गेल्या दिवाळीनंतर ते एका रविवारी मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. आवाज खाली आणून म्हणाले, "सांगलीला जायाचं. विश्रामबागंत. सिक्रेट हाय."

मोबाईलवर एका दवाखान्याची जाहिरात होती. ऑपरेशन नाही, टाका नाही, दुखणं नाही. मशीन लावा, पोटाची चरबी गोठवा, तासाभरात घरी. शेजारी एका सपाट पोटाच्या तरुणाचा फोटो.

"तुम्हाला हे कशाला?" मी विचारलं.

"पोट कमी कराया."

"चालायला जा की."

"टाइम न्हाई. ड्युटी असती."

मला वाटलं, सव्वीस जानेवारीला मेडलांचा कोट घालतात, त्याची बटणं लागत नसतील. म्हटलं, पेसमेकरचं डॉक्टरांना आधी सांगाल तरच नेईन. "ऑल ओके," म्हणाले. या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवायला नको होता.

दवाखान्यातली डॉक्टर तिशीतली मुलगी होती. तिनं समोर बसवून एकेक विचारायला सुरुवात केली.

"आधी कधी काही ऑपरेशन?"

"न्हाई."

"बीपी, शुगर?"

"ऑल ओके."

"थंडीनं बोटं पांढरी पडतात, अंगावर गांधी उठतात, असं काही?"

"सियाचीनच्या वाटंवर ऱ्हायलोय बाई मी. थंडी मला घाबरती."

"शरीरात काही बसवलंय? पेसमेकर, धातूची पट्टी?"

सुभेदार भिंतीवरच्या त्या सपाट पोटाच्या पोराकडे बघत राहिले. मी खोकले. सुभेदार म्हणाले, "ह्यास्नी खोकला हाय. ह्यास्नी तपासा."

मग मला राहवलं नाही. पेसमेकर, पित्ताशय, गोळ्या, सगळं सांगून टाकलं. सुभेदारांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की युद्धात असतो तर तिथंच माझं कोर्टमार्शल झालं असतं.

डॉक्टर चिडली नाही. तिनं त्यांना झोपवलं, तारेच्या व्रणावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता खोका."

ते खोकले. व्रणाच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा वर आला आणि परत आत गेला.

"हे कधीपासून आहे?"

"चरबी हाय ती. तीच काढायची."

"ही चरबी नाही, आजोबा. जुन्या टाक्यांची जागा सैल झालीय आणि तिथून आतडं पुढं येतंय. हर्निया आहे हा." ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. "आमचं मशीन पोटाचं मांस वाटीसारख्या कपात ओढून घेतं आणि गोठवतं. धडधाकट माणसाला तपासून लावलं तर सहसा त्रास होत नाही. पण हर्नियावर लावायचं नसतं, आतड्याला इजा होऊ शकते. आमचं दुसरं मशीन लहरींचं आहे, त्यानं तुमचा पेसमेकर गोंधळू शकतो. माझ्याकडे तुमच्यासाठी काहीही नाही. तुम्ही सर्जनकडे जा. आणि तोवर जड उचलायचं नाही."

"मी लिहून देतो," सुभेदार उठून बसले. "मेलो तर माझी जबाबदारी."

"मेल्यावर जबाबदारी कशी घेणार?"

सुभेदारांनी शर्टाची बटणं लावली, डॉक्टरला कडक सॅल्यूट ठोकला आणि बाहेर पडले. तपासणीचे पैसेही तिनं घेतले नाहीत.

परतीच्या वाटेवर आष्ट्याजवळ चहाला थांबलो. म्हटलं, एवढं काय अडलंय त्या पोटावाचून? कोट ढिला करून घेऊ.

"कोटाचं काय करायचंय?" ते चहाकडे बघत म्हणाले. "पोट मधी येतंय."

"कशाच्या मधी?"

"तिच्या आन् माझ्या. उचलताना. छातीशी धरली की वजन लागत न्हाई. पोटामुळं ती लांब ऱ्हाती. लांब धरली की हात थरथरत्यात. परवा न्हाणीच्या दारात हातातनं निसटलीच हुती. भिंतीला टेकून कसाबसा उभा ऱ्हायलो." मग कप खाली ठेवून म्हणाले, "ती घाबरली न्हाई. मीच लय घाबरलो, मास्तरीणबाई."

त्या संध्याकाळी ते दूध आणायला गेल्यावर मी काकींकडे गेले. दिलेला शब्द मोडला आणि हर्नियाचं सगळं सांगितलं. पेसमेकरपाशी मात्र अडखळले.

"खांद्याखालची पेटी व्हय?" काकी म्हणाल्या. "ठावं हाय मला. फुडं बोल."

सगळं ऐकून त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बेत ठरलेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्यापुढं हट्ट धरला, मला मिरजेला बहिणीकडं जायचंय, महिनाभर, आत्ताच्या आत्ता. तिची सून नर्स आहे, ती बघेल. सुभेदार हबकले. इतक्या वर्षांत बाईनं कधी माहेरच्या माणसाचं नाव काढलं नव्हतं. पण ऑर्डर म्हटल्यावर ऑर्डर. माझ्या गाडीतून त्यांनी काकींना मिरजेला पोचवलं, येताना मला म्हणाले, "बरं झालं. आता सर्जनला गाठू. तिला सांगू, पलटणीचं संमेलन हाय."

ऑपरेशन नीट झालं. हृदयाच्या डॉक्टरांनी आधी तपासलं, मग सर्जननं जाळी बसवली आणि पुढं वजन उचलायला सक्त मनाई केली. सुभेदार गल्लीत सांगत होते, पुन्हा तार लागली.

महिन्यानं काकी परत आल्या. आता त्यांना उचलायला सकाळ-संध्याकाळ एक धट्टीकट्टी बाई येते. पहिल्या दिवशी सुभेदार शेजारी उभे राहून ओरडत होते, "मानंखाली हात! मानंखाली! पोतं हाय का ते?" बाई मुकाट्यानं ऐकते आणि आपल्या पद्धतीनं करते. तिचं काम चोख आहे. एवढ्यात काकी एकदाही घसरलेल्या नाहीत.

परवा सुभेदार अंगणात असताना मी काकींना विचारलं, पेटीचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

"कोण सांगतंय? उचललं की माझं डोकं तिथंच टेकायचं. गालाला लागायची."

"मग एवढे दिवस बोलला का नाहीत?"

काकी खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाहेर सुभेदार कुणाला तरी, कुंपण कसं बांधावं, ते खणखणीत आवाजात शिकवत होते.

"लग्न झालं आन् हे फौजंत गेलं. सुट्टीवर आलं तरी घर माणसांनी भरल्यालं. जवळ घ्यायचं म्हंजे काय, ते त्यास्नी कवा जमलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "माझी बाजू गेली तवा जमलं. दिवसातनं किती येळा. मी बोलले असते, तर तवाच बंद झालं असतं गं."