बापूराव आणि आज्यांची कार्डं

आमच्या आश्रमातली एखादी आजी दिवाळीला लेकीकडे गेली, की बापूराव जाहीर करायचे, "सीताबाई इश्यू झाल्या!" परत आली, की "रिटर्न!" यायला उशीर झाला, तर जावयाकडून दंड म्हणून संत्राबर्फी वसूल व्हायची. जावईही हसत हसत द्यायचे.

जन्मभर वाचनालयात पुस्तकांची कार्डं लिहिलेला हा माणूस. सडाफटिंग, महाल भागात एका खोलीत राहायचे. रिटायर झाल्यावर नंदनवन वस्तीतल्या आमच्या आजीबाईंच्या आश्रमात बिनपगारी कामाला आले. मी तिथं मेट्रन. कोणाला बीपीची गोळी, कोणाला वांगं वर्ज्य, सगळा कारभार माझ्या डोक्यात. बापूरावांनी कपाळावर हात मारला. "अन् उद्या तुम्ही आजारी पडल्या तं? कार्ड नाही तं माणूस नाही, बाई!"

दुसऱ्याच दिवशी बुटांची रिकामी खोकी आणि कापलेले पुठ्ठे घेऊन हजर. आजीगणिक एक कार्ड. नाव, औषध, पथ्य, आणि आजी कोणत्या कुशीवर झोपते तेही! मी वैतागले. "हे कशाला?"

"पुस्तक उलटं ठेवलं तं चालते का?"

कपाळ माझं! मांजरीचंसुद्धा कार्ड झालं. 'पथ्य: काहीच नाही.'

गाडी अडली ती नावावर. मधे नवऱ्याचं नाव हवं, आणि आमच्या आज्या ते सरळ घेतील तर शपथ! म्हणे, उखाण्यात घेतो. झालं! एका कार्डाला अख्खी दुपार. बाकीच्या टाळ्या पिटणार, वर चहा, आणि बापूराव लाजून लाल.

गोदाआजी तेवढी गप्प. पंच्याऐंशीच्या घरातली, पोरबाळ नाही. "त्याचं नाव नाही घेत मी. टाकलं त्यानं मले." आली का पंचाईत! ट्रस्टच्या सेक्रेटरींनाही कार्डं पटली होती; त्यांनी बजावलं होतं, जिचं पूर्ण नावाचं कार्ड नसेल तिला कायमची खाट मिळणार नाही. मला रडूच यायचं. या वयात म्हातारी जाणार कुठं?

बापूराव नुसते खोकं मांडीवर घेऊन बसायचे. एक दिवस उठले आणि झालेली सगळी कार्डं टराटरा फाडली.

"अहो, येड लागलं का तुम्हाले?" मी ओरडलेच.

"नव्यानं करतो. मधे मायचं नाव. साऱ्याईच्याच कार्डावर. सेक्रेटरी पूर्ण नाव म्हणाले, नवऱ्याचं कुठं म्हणाले?"

त्या दुपारी टाळ्या नव्हत्या. कितीतरी वर्षांत कोणी कोणाला आईचं नाव विचारलंच नव्हतं. एकेक आजी सांगायची आणि पदर डोळ्याला लावायची. गोदाआजी मात्र खणखणीत म्हणाली, "यमुना!" सेक्रेटरींनी चष्मा वरखाली केला, पूर्ण नाव आहे खरं, म्हणत सही केली. खाट पक्की झाली.

मी खुशीत म्हटलं, "आता इथं काम करणाऱ्या आपल्या सगळ्यांचीही कार्डं करू. तुमच्यापासूनच सुरू करा."

बापूराव पेनाला टोपण लावायला लागले. "माहं राहू द्या."

"काहून गा?" गोदाआजीनं विचारलं.

"मी झालो अन् माय गेली. घरी सारे 'बापूची माय'च म्हणत तिले. नाव कोणी सांगतलंच नाही. अन् आता इचारू कोणाले?"

गोदाआजीनं एक कोरं कार्ड उचललं आणि त्यांच्यापुढे सरकवलं.

"मंग मधे माहं लिव गा."