पंख्याखालचं पिस्तूल

शिंपीणबाईंच्या दुकानातून भरदुपारी एका भामट्याने मोबाइल हिसकावून नेला. ते कळताच भावाने त्यांना मिरचीपुडीचं पिस्तूल पाठवून दिलं. चाप ओढला की गोळीऐवजी तिखट उडायचं. 'समोरचा मरत नाही, पण जन्मभर विसरत नाही,' असं त्याने चिठ्ठीत लिहिलं होतं.

बाईंचे यजमान शाळेत कारकून. अर्ज केल्याशिवाय शिंकही न देणारा माणूस!

"अगं, याला परवाना लागत असेल तर? भामटा बाहेर आणि तू आत!"

"मग विचारून या ना. पण लवकर परत आणा. दुकानात मी एकटी असते."

कारकुनांनी पिस्तूल टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि थेट पोलीस ठाणं गाठलं. हवालदाराला नमस्कार करून ते अदबीने म्हणाले, "साहेब, पिस्तूल आणलंय." आणि त्यांनी टॉवेल उलगडून ते हातात धरलं.

हवालदार टेबलाखाली गेला. तिथूनच ओरडला, "हात वर!"

कारकुनांनी आजवर एकही सरकारी हुकूम मोडला नव्हता. त्यांनी ताबडतोब दोन्ही हात वर केले. उजव्या हातात पिस्तूल होतं, आणि घाबरला की माणूस मूठ आवळतो.

फट्ट!

तिखट वर गरगरणाऱ्या पंख्यावर जाऊन बसलं. पंख्याने लहानमोठा हुद्दा न बघता ते सगळ्यांना सारखं वाटून दिलं. चार हवालदार शिंकत भिंतीला टेकले. आरडाओरडा ऐकून निरीक्षक केबिनमधून बाहेर आले आणि दारातच घळाघळा रडू लागले.

"काय... आक्छी... काय आहे हे?"

"तेच विचारायला आलो होतो साहेब," कारकून हुंदका देत म्हणाले. "याला परवाना लागतो का?"

निरीक्षकांनी नियमांचं पुस्तक मागवलं. ज्याला दिसेल त्याने एक ओळ वाचायची, मग डोळे पुसायचे आणि पुस्तक पुढच्याकडे द्यायचं. अर्ध्या तासाने निकाल लागला.

"परवाना लागत नाही," निरीक्षक म्हणाले. "अक्कल लागते. न्या ते घरी, टॉवेलातूनच!"

तेवढ्यात एक निवृत्त शिक्षिका काठी टेकत आत आल्या. त्यांची मांजर हरवली होती. गेले तीन दिवस त्या रोज खेपा घालत होत्या आणि त्यांच्याकडे कुणी मान वर करूनही बघितलं नव्हतं. आज अख्खं ठाणं रडत होतं. त्या दारातच थबकल्या.

"अगंबाई! म्हणजे... गेली का हो ती?"

"नाही हो आजी, तसं काही..." निरीक्षकांना पुढे बोलवेना.

आजींना भरून आलं. त्यांनी आपला रुमाल निरीक्षकांच्या हातात दिला.

"इतकं मनाला लावून घेऊ नका हो. येईल ती. आणि लोक उगाच तुम्हाला नावं ठेवतात!"

निरीक्षकांनी हवालदारांकडे बघितलं. हवालदारांनी जमिनीकडे. मग निरीक्षकांनी रुमालाने नाक पुसलं, नोंदवही पुढे ओढली आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "रंग कोणता म्हणालात मांजरीचा?"